एका प्रमाणपत्रधारकास खुले पत्र

प्रमाणपत्रधारक महोदय,

पत्राच्या सुरुवातीला स.न.वि.वि. लिहायची पद्धत आहे. पण माझ्याकडे विनंती थोडी आहे आणि राग बराच आहे, तेव्हा ते चार अक्षरांचं सोंग राहू दे.

तुमचं नाव मी इथे लिहिणार नाही. खटला जयपूरच्या न्यायालयात चालू आहे आणि निकाल द्यायचं काम माझं नव्हे. मी लिहिते आहे ते तुम्ही तिथे दाखल केलेल्या एका कागदाबद्दल. हे चारचौघांत लिहायची वेळ तुम्हीच आणलीत. आपल्या मराठी मंडळाच्या कोजागिरीला दुधाचा पेला हातात धरून तुम्ही सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, "बाराशे रुपयांत सुधारलो." पाच-सात जण हसले. मी तिथेच उभी होते. तेव्हा सणाच्या दिवशी तमाशा नको म्हणून गप्प बसले, आता बसणार नाही.

टोंक रोडवर, गोपालपुरा मोडच्या अलीकडे, रात्री साडेअकराच्या सुमाराला तुमच्या गाडीने घरोघरी जेवण पोचवणाऱ्या एका मुलाच्या स्कूटरला मागून धडक दिली. पोलिसांनी नळीत फुंकायला लावलं आणि आकडा मर्यादेच्या कितीतरी वर गेला. मोटार वाहन कायद्याच्या १८५ व्या कलमाची मर्यादा आहे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. मुलगा वाचला, म्हणून तुम्हाला आशेला जागा उरली. तो गेला असता तर वाट फार अरुंद होती. हरियाणाच्या एका बसचालकाने सायकलस्वाराला चिरडलं होतं, त्या दलबीर सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच बजावलं आहे की बेफाम गाडी हाकून माणूस मारणाऱ्याने परिवीक्षेच्या, म्हणजे प्रोबेशनच्या, सवलतीची अपेक्षा धरू नये. तुमची आशा त्या पोराच्या चिवट हाडांवर उभी आहे, तुमच्या चांगुलपणावर नाही.

वकिलांनी तुम्हाला सांगितलं की नशामुक्तीचा एखादा ऑनलाइन वर्ग करा, प्रमाणपत्र अर्जाला जोडू, प्रोबेशन मागताना बरं दिसेल. या सल्ल्यात मला वावगं काही दिसत नाही. माणूस वर्गाला कशामुळे आला याने फारसं बिघडत नाही. बायकोच्या धाकाने आलेले सुटले आहेत, नोकरी जाईल म्हणून आलेले सुटले आहेत, न्यायाधीशाच्या भीतीने आलेलेही सुटले आहेत. आम्ही काही समुपदेशक मिळून संध्याकाळी सात वाजता हा वर्ग घेतो. आठ बैठका, पैसे नाहीत, अट एकच की कॅमेरा चालू हवा.

तुमच्या चौकोनात पहिल्या दिवशी छताचा पंखा दिसला. दुसऱ्या बैठकीलाही तोच. तिसऱ्या वेळी मी नाव घेऊन हाक मारली, तेव्हा फोन उचलला गेला आणि एक विशी-बाविशीतला मुलगा समोर आला. गळ्यात तुमच्या कंपनीचं ओळखपत्र. घाबरून म्हणाला, "मॅम, सर मीटिंग में हैं, मैं उनकी तरफ से बैठा हूँ." त्याच्यासमोर वही उघडी होती. त्याने खरोखर सगळं उतरवून घेतलं होतं: यकृत, झोप, हाताची थरथर, तलफ आल्यावर पहिली पंधरा मिनिटं काय करायचं. तो स्वतः थेंबभरही घेत नाही, हेही त्याने न विचारता सांगितलं, डाग आपल्यावर राहू नये म्हणून. दारू तुम्ही प्यायची, पाय तिसऱ्याचा मोडायचा आणि समुपदेशन तुमच्या पगारावरच्या पोराने ऐकायचं, अशी तुमची वाटणी. ऑफिस सुटल्यावर त्याची संध्याकाळ तुम्ही या कामाला लावलीत. हीही चोरीच.

आमच्याकडून प्रमाणपत्र मिळणार नाही असं कळवल्यावर तुम्ही त्याच रात्री दुसरीकडून आणलंत. त्याचा फोटो तुमच्या वकिलांनीच मला पाठवला आणि विचारलं, असंच तुमच्या लेटरहेडवर मिळेल का? म्हणून तो कागद मी नीट पाहिला आहे. सोनेरी वेलबुट्टीची चौकट, खाली कुणाचीतरी लफ्फेदार सही, आणि मजकूर असा की धारकाने आठ तासांचा अभ्यासक्रम यशस्वीपणे पूर्ण केला. पैसे भरल्याची पावती रात्री अकरा वाजून दहा मिनिटांची, प्रमाणपत्र अकरा वाजून बत्तीस मिनिटांचं. मधल्या बावीस मिनिटांत आठ तास मावले. वकिलांना मी नाही म्हणून कळवलं, तरी तो कागद जसाच्या तसा अर्जासोबत गेला.

तुम्ही म्हणाल, एवढं काय, कागद मागतात, कागद दिला. महोदय, कायदा फक्त कागद मागत नाही. ज्या १९५८ च्या परिवीक्षा कायद्याचा आधार तुम्ही घेताय, त्याचं चौथं कलम तुमच्या वकिलांनी तुम्हाला वाचून दाखवलं असेल, पाचवं वाचलं नसेल. गुन्हेगाराला सोडताना ज्याचं नुकसान झालं त्याला भरपाई द्यायला लावण्याचा अधिकार न्यायालयाला त्या पाचव्या कलमाने दिला आहे. तुमच्या अर्जात त्या जखमी मुलाचं नाव एकदा आलं आहे, तेही गुन्ह्याच्या तपशिलात. तुमच्या पश्चात्तापाला दीड पान दिलं आहे.

अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यात बघा. थोड्या मालासह पकडलेल्या व्यसनी माणसाला ३९ व्या कलमाखाली न्यायालय तुरुंगाऐवजी उपचाराला पाठवू शकतं. पण उपचार सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी, वर्षाच्या आत उपचाराचं फलित काय ते न्यायालयापुढे मांडायचं, आणि मग समज देऊन सोडताना तीन वर्षांपर्यंतचा बंधपत्राचा दोर गळ्यात. ६४-अ कलमाने स्वतःहून उपचार घेणाऱ्याला खटल्यातून सूट मिळते, आणि उपचार अर्धवट टाकले तर ती काढूनही घेता येते. दारूच्या गुन्ह्याला ही कलमं लागत नाहीत, ठाऊक आहे. पण या देशात कायदा लिहिणाऱ्यांना सुधारणेला किती वेळ लागतो याची कल्पना होती, एवढं तुमच्या लक्षात यावं. तुमचा परवाना निलंबित झाला असेल तर २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे तुम्हाला पुन्हा चालक प्रशिक्षणालाही बसावं लागेल. तिथे तरी ऑफिसातल्या त्या मुलाला पाठवू नका.

आमच्या त्याच वर्गात एक ट्रकचालक होता. ट्रान्सपोर्ट नगरात गाडी लावून केबिनमधून बसायचा. फोन स्टिअरिंगला रबराने बांधलेला, मागे क्लीनर घोरतोय, बाहेर हॉर्न. रेंज गेली की केबिनच्या टपावर चढायचा. त्याच्यावर कुठलाही खटला नव्हता. एका पहाटे गाडी दुभाजकावर चढली तेव्हा आपण जागे होतो की नाही हेच त्याला आठवेना, म्हणून तो आला. त्याने विचारलं, रात्री चार पेग घेतले तर सकाळी किती वाजता चावी हातात घ्यावी? मी सांगितलं, तीस मिलिलिटरच्या एका पेगमध्ये साधारण दहा ग्रॅम मद्यार्क असतो आणि तो निपटायला यकृत तासभर घेतं, कुणाचं जास्तही घेतं. चहाने, लिंबाने, थंड पाण्याच्या आंघोळीने ते घाई करत नाही. झोप लागली म्हणजे उतरली असं नाही. त्याने बोटांवर तास मोजले आणि बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "फिर तो मैं रोज़ सुबह पीकर ही चला हूँ." हे वाक्य बावीस मिनिटांच्या प्रश्नपत्रिकेतून निघत नाही.

तुमच्यामुळे नुकसान होतं ते याचं. उद्या हा माणूस खरंखुरं प्रमाणपत्र घेऊन कुठे उभा राहिला, तर समोरचा अधिकारी आधी तुमची सोनेरी चौकट आठवेल. एम्सच्या व्यसनोपचार केंद्राने देशभर केलेली पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांत एकाला काहीतरी उपचार मिळतो, असं त्यात आहे. रुग्णालयात दाखल होऊन उपचार मिळणारा १८० जणांत एक. जिथे दारं इतकी थोडी आहेत, तिथे फोनवरचा मोफत वर्ग हे गरिबाचं दार आहे, आणि तुम्ही त्याला खोट्या नाण्याचा भाव आणलात.

हे आधीही झालं आहे. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला पोर्शे गाडीखाली दोन तरुण अभियंते गेले. बाल न्याय मंडळाने काही तासांत जामीन दिला आणि तीनशे शब्दांच्या निबंधावर सारा देश चिडला, चिडायलाच हवं होतं. त्याच आदेशात व्यसनमुक्तीसाठी समुपदेशनाचीही अट होती. निबंधाच्या संतापात तिच्याबद्दल फार कुणी बोललं नाही, आणि लोकांच्या मनात समुपदेशन ही श्रीमंतांना सोडण्याची पळवाट ठरली. पुढे ससूनमध्ये रक्ताचे नमुनेच बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली. त्याच पुण्यात, येरवड्याला, अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ साली सुरू केलेलं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे. तिथे पस्तीस दिवस राहावं लागतं, नंतर वर्षानुवर्षं पाठपुरावा चालतो, आणि बायकांसाठी ‘सहचरी’ गट आहे कारण आजार घराला जडलेला असतो. पुणेकरांच्या दाराशी हे असताना समुपदेशन म्हणजे थट्टा, असं लोकांना वाटावं ही तुमच्यासारख्यांची करणी.

हैदराबादेत वाहतूक पोलीस दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याला समुपदेशनाला घरच्यांसह बोलवायचे. अमेरिकेत १९८० साली मुलगी गमावलेल्या एका आईने मद्यपी चालकांविरुद्ध संघटना उभी केली. तिथल्या कितीतरी न्यायालयांत आता दोषीला अशा घरांतल्या माणसांसमोर बसून त्यांचं ऐकावं लागतं. ही पद्धत आपल्याकडे यावी असं मला मनापासून वाटतं. तुम्ही समोर बसलेले मला पाहायचे आहेत, आणि बोलणारा तो स्कूटरवाला मुलगा असावा.

मी त्याच्याकडे जाऊन आले. दौशाकडचा आहे, सांगानेरला तिघांत एक खोली. नडगीत सळई घातली आहे. जेवण पोचवायची ती मोठी चौकोनी पिशवी उशाशी ठेवली आहे आणि तिच्यात एक्स-रे, गोळ्यांच्या पट्ट्या आणि स्कूटरच्या हप्त्याचं पुस्तक. चार महिने कमाई नाही, हप्ता चालू. तुमच्याबद्दल त्याने एकच विचारलं, "वो साब ठीक हैं ना, उनको तो नहीं लगी?"

आणि जयपुरात राहून तुम्ही दारूला थट्टेवारी नेताय. गुरुशरण छाबडा नावाचे माजी आमदार संपूर्ण दारूबंदीसाठी महिनाभर उपोषण करून याच शहरात ३ नोव्हेंबर २०१५ रोजी वारले. त्यांची मागणी मला पूर्ण पटते असं नाही, बंदीने चोरटा धंदा फोफावतो हे मी पाहते. पण एका माणसाने त्यासाठी प्राण दिले. बरोबर दहा वर्षांनी, ३ नोव्हेंबर २०२५ रोजी, हरमाड्याच्या लोहामंडी रस्त्यावर एक डंपर एकामागून एक वाहनं चिरडत गेला. डझनाहून अधिक माणसं गेली. चालक प्यालेला होता, असं पोलिसांनी सांगितलं. त्या दिवशी मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर तुम्हीही हात जोडल्याचं चित्र टाकलं होतंत.

तुम्हाला मी राक्षस मानत नाही. ज्या हाताने तुम्ही कोजागिरीला पेला धरला होता त्याची बोटं थरथरत होती, आणि पेल्यात दूधच होतं. मी हे काम करते, मला ते दिसतं. तुम्हाला या वर्गाची खरंच गरज आहे. म्हणून जास्त चीड येते.

आता काय करायचं ते सांगते. पुढच्या तारखेला वकिलांकरवी तो कागद मागे घ्या आणि का घेताय ते लिहून द्या. अर्जात मुलाची सळई काढण्याच्या शस्त्रक्रियेचा खर्च, बुडालेली कमाई आणि स्कूटरचे हप्ते यांचा आकडा स्वतःहून घाला, न्यायाधीशांनी विचारायची वाट पाहू नका. सेठी कॉलनीतल्या मनोचिकित्सा केंद्रात व्यसनमुक्तीची सोय आहे, तिथे स्वतः जा. थरथर असताना दारू एकदम तोडायची नसते, झटके येऊ शकतात, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडा. रात्री-अपरात्री जीव घाबरा झाला तर १४४४६ ही सरकारी मोफत हेल्पलाइन आहे. आणि ज्या मुलाला तुम्ही आपल्या जागी बसवलंत त्याची माफी मागा, ऑफिसात सगळ्यांसमोर. त्याची वहीही मागून घ्या. अक्षर सुवाच्य आहे, तिसऱ्या बैठकीपर्यंतचं सगळं तिच्यात आहे.

नवा वर्ग येत्या सोमवारपासून आहे. तुमचं नाव मी यादीत घातलं आहे.

आपली,
वर्ग घेणारी समुपदेशक, जयपूर