कौलं कोण परतणार?

मे महिन्यात गावी आलेला चाकरमानी नव्या स्लॅबच्या घरासमोर उभा राहून हळहळतो, ‘काकी, कौलं कशाला काढलीत? किती गार होतं घर!’ काकीच्या वतीने मी उत्तर देतो. कौलं दरवर्षी पावसाआधी परतावी लागतात. फुटलेली काढायची, शेवाळ खरवडायचं, कुजलेल्या रिपा बदलायच्या. त्यासाठी छपरावर चढणारा माणूस लागतो आणि तो मुंबईत नोकरीला आहे. वानरांची टोळी छपरावरून उड्या मारत गेली की ऐन आषाढात माजघरात टोप मांडायचे. सत्तरीची बाई मध्यरात्री उठून ते टोप रिकामे करते, तेव्हा घराचं देखणेपण तिने कोणत्या डोळ्यांनी बघायचं? ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडे छपरं उडाली. त्यानंतर डोक्यावर स्लॅब हवासा वाटला तर त्यात चुकलं काय?

आणि मंगलोरी कौल ही तरी कुठे पिढ्यान्‌पिढ्यांची ठेव आहे? बासेल मिशनने मंगळुरात कारखाना काढला १८६५ मध्ये. पेंढा आणि नळे टाकून आपल्या पणजोबांनी ते कौल घेतलं, तेही सोय बघूनच.

माझं भांडण स्लॅबशी नाही, त्याच्या सपाटपणाशी आहे. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि तिथे आपण देशावरचं धाबं आणून ठेवतो. पाणी साचतं, मुरतं, सळ्या गंजतात. एप्रिलात दिवसभर तापलेला स्लॅब रात्रभर झोपू देत नाही. मग काही वर्षांत त्याच स्लॅबवर लोखंडी खांब उभे राहतात आणि वर पत्र्याची उतरती शेड चढते. कोकणातल्या कुठल्याही वाडीत जा, हे दिसेल. एका घराला दोन छपरांचा खर्च! जुन्या सुताराला जे कळत होतं, ते नकाशा काढणाऱ्याला का कळू नये?

अंगणापलीकडचा संडास नको, काळोखं माजघर नको, दर आठवड्याचं सारवणही नको. ते कष्ट बायकांच्याच वाट्याला आले होते. पण छपराचा उतार हवा, भिंतीपासून चांगलं दोन-तीन फूट पुढे आलेलं छप्पर हवं. पागोळ्या लांब पडल्या तर चिऱ्याची भिंत कोरडी राहते. पडवी तर हवीच. पावसाळ्याचे चार महिने कपडे, सरपण, शेजारीण आणि गप्पा, सगळं तिथेच असतं. नव्या घरांत तिची जागा बंद हॉलने घेतली आणि दारावरून जाणारा माणूस आत डोकावेनासा झाला.

स्लॅब उतरता घालता येतो, त्यावर कौलंही बसवता येतात. मग वानरांनी कितीही फोडली तरी आत थेंब येत नाही. सेंट्रिंगला पैसे जास्त लागतात, हे खरं. हळहळणाऱ्या चाकरमान्याने त्यातला वाटा उचलावा. घरपट्टीच्या पावतीवर नाव त्याचंही आहे.