लांबी हाय, लांबी!

साखऱ्यात कुणाला जुनी पिकअप घ्यायची असली की पैशांच्या आधी आबांचा बंदोबस्त करावा लागतो. तुमच्याही गावात असे आबा असतील. स्वतःकडे सायकल नाही, पण दुसऱ्याचा सौदा मोडल्याशिवाय घास गोड लागत नाही. आमच्या आबांच्या बंडीत जुन्या स्पीकरचं लोहचुंबक असतं, रुमालात गुंडाळलेलं. ते पत्र्यावरून फिरवायचं. चिकटलं नाही, तर तिथं गाडी ठोकलेली आहे आणि लांबी भरून वर रंग मारलेला आहे. मग मालकाच्या तोंडावर निकाल, “लांबी हाय, लांबी!”

युक्ती खरी आहे, पण आबांना आवर नाही. भाचीच्या लग्नात त्यांनी रुखवतातल्या कपाटाला चुंबक लावलं. व्याही अजून बोलत नाहीत. एकदा सेनगावच्या स्टँडवर जुन्या लालपरीला लावलं, ते टपकन खाली पडलं. “आरं, सगळी यष्टीच लांबीची!” त्या गाडीचा पत्रा अ‍ॅल्युमिनियमचा, त्याला चुंबक धरत नाही, हे कंडक्टरनं समजावलं. आबांनी तिकीट काढलं, पण उतरेपर्यंत कंडक्टरकडेच संशयानं बघत होते.

हळद हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डात न्यायला यंदा पुतण्याला बोलेरो पिकअप हवी होती. पहिली पाहिली रिसोडला. आबांनी बोनेटवर हात ठेवला आणि माघारी फिरले. “आपुन यायच्या आधीच तापवून ठेवलीय. थंड इंजन सेल्फला कसं उठतंय, ते बघायचं असतं लेका.”

दुसरी हिंगोलीत, नवरीसारखी नटलेली. आबा धोतर खोचून खाली शिरले. केबिनच्या मागं चेसीला वेल्डिंग, पाट्यांत एक पान जास्तीचं. मीटर साठ हजार दाखवत होतं आणि क्लचच्या पायडलाचं रबर झिजून गुळगुळीत. चुंबकाची गरजच नव्हती, तरी लावलं. दरवाजा, मडगार्ड आणि शेवटी मालकानं पुढं केलेला चहाचा पेला. पेला स्टीलचा होता, चिकटलं नाही. आबांनी चहा घेतला नाही.

तिसरीला मात्र चुंबक जागोजागी चिकटलं. इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण काढलं, धूर नाही. पुतण्यानं इसाराचे पैसे काढले, तेवढ्यात आबांनी आरसी मागितली. तिच्यावर फायनान्सवाल्याचा बोजा. “हप्ते फिटलेत, एनओसी येतेच आहे,” मालक म्हणाला.

“आली की बोलीव. त्याचे हप्ते थकले तर गाडी तुझ्या दारातून उचलतेत, त्याच्या नाय.”

परतीच्या वाटेवर पुतण्या आबांशी एक शब्द बोलला नाही. मीही नाही. हळद घरात पडून, भाव हलतोय, आणि या माणसाला जगात एकही गाडी पसंत पडू नये!

चौथी वसमतला मिळाली. रंग उडालेला, पण बोजा नाही, फिटनेस चालू, विमा चालू. आबा तिच्याभोवती फिरले, चुंबक रुमालात गुंडाळलं आणि म्हणाले, “घे.” आम्हाला या शब्दाची सवयच नव्हती. पुतण्यानं विचारलं, “नक्की?”

सौदा झाल्यावर पुतण्यानं त्यांच्या खिशात पाचशेची नोट कोंबली. त्यांनी ती त्याच्याच खिशात परत कोंबली आणि शिवी दिली. इथं दोन्हीकडून पैसे खाणाऱ्याला लोक ‘साहेब’ म्हणतात. फुकट खरं सांगणाऱ्याला ‘खोडा घालणारा’. हे कळायला आम्हाला तीन गाड्या आणि बराच राग लागला, एवढं कबूल केलं पाहिजे. त्यांच्यासमोर नाही.

ज्यानं ती बोज्याची गाडी दाखवली होती, तो दलाल आता पांढऱ्या स्कॉर्पिओतून फिरतो. आबांना बघितलं की वेग वाढवतो.