अथ वायसरनिर्णय

विषयप्रवेश

ज्या रिळाची फिरकी गळकाठीला आडवी बसवलेली असते आणि ज्याच्या मुठीच्या मुळाशी ताऱ्याच्या आकाराचे चाक असते, त्या पारंपरिक रिळाच्या पोटात ब्रेकचे काम करणाऱ्या काही चकत्या असतात. ग्रंथात त्यांना घर्षण-चकत्या म्हणावे आणि दुकानात वायसर म्हणावे, म्हणजे दोन्हीकडे काम होते. मोठा मासा गळ घेऊन पळू लागला असता दोरा तुटू न देता तो मोजूनमापून सोडणे, एवढेच या चकत्यांचे कर्तव्य असले, तरी त्या कोणत्या द्रव्याच्या असाव्यात या प्रश्नावर सज्जन माणसांत जो अबोला धरला जातो, तो पाहता या विषयाला शास्त्राचा दर्जा नाकारणे धारिष्ट्याचे ठरेल.

पूर्वेतिहास

ताऱ्याने आवळण्याच्या ब्रेकचे रीळ १९१३ च्या सुमारास, कॅलिफोर्नियासमोरील कॅटलिना बेटाभोवती ट्यूना व तलवारमासा धरणाऱ्या हौशी मंडळींत, विल्यम बॉशेन यांच्या कल्पनेतून प्रचारात आले. तत्पूर्वी मासा पळाला की रिळाची मूठही उलटी गरगर फिरे आणि ती सोडण्यास उशीर करणाऱ्याची बोटे सडकून काढी. ब्रेक म्हणून फिरकीवरील दोऱ्यावर चामड्याचा तुकडा अंगठ्याने दाबण्याची रीत होती. अर्थात चामडे हे आद्य घर्षणद्रव्य आणि अंगठा हा आद्य तारा, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही. कोकणात हातदोरीने गरवणारा तर तंगूस आजही बोटांतूनच सोडतो, आणि त्याची चकती कोणत्याही दुकानात बदलून मिळत नाही.

रचनाविचार

रिळाचे मुख्य दातेरी चाक वाटीसारखे खोलगट असते आणि त्या वाटीत धातूच्या व मऊ द्रव्याच्या चकत्या एकाआड एक रचलेल्या असतात. धातूच्या चकत्यांचे पंथ दोन: एका पंथाच्या चकतीचे मधले भोक दोन बाजूंनी सपाट असल्याने ती मुठीच्या नळीला बांधलेली राहते, तर दुसऱ्या पंथाच्या चकतीला बाहेरून कान असतात व ते वाटीच्या खाचांत अडकत असल्याने ती चाकाबरोबर फिरते. मासा ओढू लागला की रॅचेट, म्हणजे एकाच दिशेने फिरू देणारा दातेरी अडसर, नळीला उलटे फिरू देत नाही, चाक मात्र फिरू पाहते. अशा वेळी या दोन पंथांच्या मध्ये सापडून जी निमूटपणे घासली जाते, ती मऊ चकती हाच या प्रकरणाचा नायक होय.

द्रव्यविचार

चकतीची परीक्षा ती किती घट्ट धरते यावरून नव्हे, तर ती कशी सुटते यावरून करावी. स्थिर वस्तू हलवताना आडवे येणारे ते स्थितिक घर्षण आणि हलल्यानंतर उरणारे ते गतिज घर्षण. या दोहोंत अंतर फार असले, तर चकती पावसाळ्यात फुगलेल्या दारासारखी वागते, म्हणजे आधी मुळीच हलत नाही आणि मग एकदम उघडून माणसाला अंगणात फेकते. दोरा तुटतो तो बहुधा याच क्षणी. ही कसोटी मनात ठेवून पुढील द्रव्ये तपासावीत.

चामडे परंपरेने पूज्य आहे. तेल पाजलेले असताना ते मवाळ असते, परंतु उपासमार झाली की वाळून कडक होते. नमदा, म्हणजे दाबून केलेले लोकरीचे जाड कापड, तेल शोषून अत्यंत अलगद सुटतो, म्हणून बारीक दोऱ्यास तो योग्य. मात्र मोठ्या दाबाखाली तो चेपतो आणि तापला की करपतो. टेफ्लॉन हे द्रव्य १९३८ मध्ये रॉय प्लंकेट यांना अपघाताने सापडले, आणि ज्या पृष्ठभागावर धिरडेसुद्धा चिकटत नाही त्यावर ट्यूना कसा थांबेल, ही शंका रास्तच आहे: तो थांबावा म्हणून तारा इतका आवळावा लागतो की शुद्ध टेफ्लॉनची चकती त्या दाबाने हळूहळू पसरून पातळ होते.

उरतो विणलेला कार्बन तंतू. पाच किलोच्या ओढीने सेकंदाला पाच मीटर वेगाने दोरा जात असेल, तर ब्रेकमध्ये सुमारे २४५ वॅट उष्णता निर्माण होते. म्हणजे हजार वॅटच्या इस्त्रीचा चतुर्थांश, तोही रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत. कार्बन हा ताप निमूट सोसतो, आणि त्याच्या दोन घर्षणांतील अंतरही अल्प असते. रिळे बनवणाऱ्या पेन कंपनीच्या एचटी-१०० नावाच्या चकत्या याच कुळातल्या. कार्बन कोरडा ठेवावा की ग्रीस लावून, याविषयी पूर्वपक्ष असा की कोरड्या चकतीची पकड अधिक. उत्तरपक्ष असा की ब्रेकच्या खास ग्रीसचा पातळ थर खारे पाणी दूर ठेवतो आणि सुटणे अधिक मऊ करतो. समुद्रावर जाणाऱ्याने उत्तरपक्ष स्वीकारावा आणि तलावावर जाणाऱ्याने वाद चालू ठेवावा, कारण तेथे त्याला वेळ असतो.

मोठी चकती अधिक धरते हा समज मात्र सोडावा. ताऱ्याचा एकूण जोर तोच व सरासरी त्रिज्या तीच असेल तर पृष्ठभाग रुंद केल्याने पकड वाढत नाही, झीज व ताप तेवढा वाटला जातो. पकड वाढते ती घासणाऱ्या पृष्ठभागांची संख्या वाढवल्याने.

विधी

जुन्या चकत्या ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने वर्तमानपत्रावर मांडाव्यात आणि त्या वेळी पंखा बंद असावा. आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी व्हर्नियरने मोजावी, कारण एकूण थर पूर्वीपेक्षा अर्धा मिलिमीटर जास्त जाड झाला तरी तारा आपल्या आट्यांवर पुरेसा चढत नाही. धातूच्या चकत्या काचेवर ठेवून बोटाने दाबाव्यात. जी डुगडुगते ती वाकलेली, आणि वाकलेल्या चकतीपुढे उत्तम कार्बनही हतबल ठरतो. ग्रीस बोटांनी चोळून जास्तीचे पुसून टाकावे. शिरा वाढल्यासारखे वाढू नये. मोटारसायकलचा क्लच, जुनी चप्पल आणि घरातील कोणाचीही पर्स यांतून चकती कापण्याचा मोह निषिद्ध आहे.

शेवटी दोरा ताणकाट्याला बांधून ओढून पाहावा. दोऱ्याची ताकद बारा किलो असेल तर ब्रेक तीन ते चार किलोंवर सुटावा. कारण फिरकीवरील दोरा संपत जाऊन उरलेल्या गुंडाळीचा व्यास निम्मा झाला की तीच ओढ आपोआप दुप्पट होते, आणि ज्याने आरंभीच आठ किलोंचा पराक्रम केला असेल त्याचा दोरा मासा नव्हे तर त्रैराशिक तोडते. काट्यावरील आकड्यापेक्षा काटा स्थिर राहतो की थरथरतो याकडे अधिक लक्ष द्यावे.

फलश्रुती

जो या क्रमाने चकती निवडतो, त्याला मोठा मासा लागेलच असे नाही. मात्र लागलेला मासा सुटला तर दोष वायसरला देण्याची सोय त्याच्यापाशी उरत नाही. म्हणून घरी परतल्यावर रीळ गोड्या पाण्याने धुऊन वाळवावे आणि कपाटात ठेवण्यापूर्वी तारा पूर्ण सैल करावा. पुढल्या खेपेपर्यंतचा ताण चकतीने सोसण्याचे कारण नाही. तो मालकाच्या खात्यावर मांडावा.