भडंगाच्या साथीला

आमचे काका उभं आयुष्य गवयांच्या डाव्या हाताला बसले. गवयाने घेतलेली जागा पेटीवर अलगद परत करायची, गवई खोकला तर तेवढ्यापुरतं मोठ्याने वाजवायचं आणि टाळ्या सुरू झाल्या की मान खाली घालून भाता मिटायचा, हा त्यांचा पेशा. त्यातून वाद्यही असं, की १९४० साली ऑल इंडिया रेडिओने त्याला दाराबाहेर काढलं ते थेट १९७१ पर्यंत. श्रुती लागत नाहीत, मींड निघत नाही आणि जन्म युरोपातला, असे तीन गुन्हे एकट्या पेटीच्या नावावर होते.

अशा काकांनी म्हातारपणी, प्रॉव्हिडंट फंडाला हात घालून, स्वतःच्या एकल पेटीवादनाचं ध्वनिमुद्रण केलं. यमन, मारवा, भैरवी वगैरे पाच राग. नेटवर चढवलं. ऐकणाऱ्यांचा आकडा आमच्या गणगोताच्या आकड्याशी तंतोतंत जुळला. काकूंनी दोनदा ऐकल्यामुळे एकाने वाढलाच.

माझी मुलगी पुण्यात जाहिरातींच्या धंद्यात आहे. ती दिवाळीला सांगलीला आली आणि फराळाआधी सूत्रं हातात घेती झाली. ‘आजोबा, आता रील करायचे. ट्रेंड पकडायचा.’ एखादा ऑडिओ लोकांनी उचलला की जो तो त्यावर आपला व्हिडिओ करतो. आपणही त्या गर्दीत घुसायचं, म्हणजे ॲप आपल्याला अनोळखी माणसांपुढे नेऊन उभं करतं. अट एकच, पहिल्या तीन सेकंदांत बघणाऱ्याचं बोट थांबलं पाहिजे.

‘तीन सेकंदांत माझा भाता भरत नाही,’ काका म्हणाले.

मुलीने दाखले काढले. ‘बहरला हा मधुमास’वर लोकांचे हात २०२३ मध्ये ‘महाराष्ट्र शाहीर’ पडद्यावर येण्याआधीच हलायला लागले होते. संजू राठोडची ‘गुलाबी साडी’ २०२४ मध्ये लग्नाच्या हळदीपासून विमानतळापर्यंत सगळीकडे नेसली गेली. बीरभूम जिल्ह्यातले भुबन बड्याकर गावोगाव शेंगदाणे विकताना जे गात, त्या ‘काचा बादाम’वर परदेशातली माणसंही नाचली.

‘त्यांच्याकडे शेंगदाणे होते,’ काका म्हणाले. ‘माझ्याकडे मारवा आहे.’

शूटिंगची जबाबदारी माझ्यावर आली. फोन उभा धरायचा असतो आणि पेटी आडवी असते, हा या कलेतला मूळ तंटा. काका चौकटीत बसवले की भाता बाहेर. भाता आत घेतला की काकांचं डोकं बाहेर. शेवटी उजवा हात, अर्धी स्वरपट्टी आणि काकांची हनुवटी यांच्यावर तडजोड झाली. मुलीने समोर रिंग लाइट लावला. त्याची दोन पांढरी वर्तुळं काकांच्या चष्म्यात उमटली आणि काकांचे डोळे त्या दिवसापुरते गेले ते गेलेच.

मारव्यात षड्ज सहजासहजी द्यायचा नसतो. ऐकणाऱ्याला त्याची वाट बघायला लावायची, हीच तर त्याची गंमत. काकांनी कोमल रिषभ धरला, शुद्ध धैवताशी रेंगाळले, निषादावरून षड्जाकडे नुसतं बघितलं आणि माघारी फिरले. तीस सेकंद संपले. षड्ज आलाच नाही, आणि आकडे सांगत होते की प्रेक्षकही थांबले नव्हते. मग चुटकी वाजवली की कपडे बदलतात तो ट्रेंड झाला: एका चुटकीत बनियनवरचे काका जरीकाठी उपरण्यात. मधे उपरणं शोधायला लागलेली वीस मिनिटं कापावी लागली. ‘गुलाबी साडी’ काकांनी एकदा ऐकून काळी दोनमध्ये वाजवली आणि वर एक सपाट तान टाकली. मुलगी म्हणाली, ‘आजोबा, तान काढा.’ काकांना आजवर हे कुठल्या गवयानेही सांगितलं नव्हतं. खरं तर तेवढंच फक्त सांगितलं नव्हतं.

आणि एके दिवशी काका गाजले. झालं असं, की जयसिंगपूरकडच्या एका भडंगवाल्याने भैरवीतल्या झाल्याचा पंधरा सेकंदांचा तुकडा उचलून आपल्या कढईखाली लावला. तेल तापलं, लसूण पडली तिथे तान. शेंगदाणे पडले तिथे तिहाई. आणि चिरमुऱ्यांचं अख्खं सूप उपडं झालं ते नेमकं समेवर. लाखांनी बघितलं. मग फरसाणवाले, झुणकावाले, एक पंक्चरवाला, सगळ्यांनी तोच तुकडा लावला. लसूण सोलून टाकायची की सालासकट, यावर तुंबळ चर्चा झाली. राग कोणता, हे कुणी विचारलं नाही.

ट्रेंडचा कायदा तेव्हा माझ्या ध्यानात आला. गाणं ऐकण्याजोगं असून भागत नाही, वापरण्याजोगं असावं लागतं. जे दुसऱ्याच्या कामाला लावता येतं तेच पसरतं. जन्मभर साथ करून काका एकदाचे मधोमध येऊन बसले होते, तर भडंग त्यांच्या उजव्या हाताला येऊन बसलं आणि मुख्य कलाकार झालं. काकांनी मात्र तो व्हिडिओ चष्मा पुसून परत बघितला आणि संगतकाराच्या नजरेने दाद दिली, ‘समेवर येतो हं. आमचे दोन गवई यायचे नाहीत.’

त्यांना खटकलं ते वेगळंच. खाली नाव दुकानाचं होतं.

यावरचा तोडगा त्यांनी १९०२ सालातून आणला. त्या वर्षी कलकत्त्यात ग्रामोफोन कंपनीने गौहर जानचं गाणं तबकडीवर घेतलं. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं. रीलही २०२५ साली तीन मिनिटांपर्यंत करता यायला लागले, म्हणजे सव्वाशे वर्षं चालून आपण त्याच मैलाच्या दगडापाशी आलो. ख्याल-ठुमरी तेवढ्यात कोंबून गौहर जान शेवटी इंग्रजीत स्वतःचं नाव ठणकावून सांगायच्या, कारण तबकडी छापायला जर्मनीला जायची आणि तिथल्या कारागिरांना लेबलावर काय लिहायचं ते कळायला हवं. ‘नाव सुरातच शिवून टाकायचं,’ काका म्हणाले, ‘मग कापा कुठून कापायचं ते.’

त्यांनी झाला पुन्हा वाजवला आणि समेवर, नाटकाच्या तिसऱ्या घंटेनंतर लागतो तसा आवाज लावून, गर्जले: ‘पेटीवर… सांगलीचे काका!’

लोकांनी नेमकं तेवढंच कापून घेतलं. झाला गेला, गर्जना राहिली. दूध संपवलेलं पोर ग्लास आपटून ओठ हलवतं, ‘पेटीवर… सांगलीचे काका!’ अरुंद गल्लीत गाडी लावून बाई उतरते आणि काच खाली करून तेच. केशकर्तनालयात फडका झटकल्यावर तेच. देवगडच्या एका बागायतदाराने हापूसच्या पेटीवर बसून केलेला व्हिडिओ तर दुबईपर्यंत पोचला. काकांना आता रस्त्यात माणसं ओळखतात. वाजवताना अजून कुणी ऐकलेलं नाही.

परवा एका संगीत मंडळाचा फोन आला. वार्षिक महोत्सव, तीन दिवस, नामवंत गवई. ‘काका, तुम्ही हवेतच. निवेदनाला असा आवाज कुठे मिळणार?’

‘आणि पेटी?’ काकांनी विचारलं.

‘पेटीला आमच्याकडे माणूस आहे.’

काकांनी होकार कळवला. निवेदकाचं मानधन पेटीवाल्याच्या दुप्पट आहे.