वाचकांसाठी तीन दारं

आपलं लेखन कुणी वाचत नाही अशी ज्यांची तक्रार आहे, त्यांनी एक लिनक्स सर्व्हर भाड्यानं घ्यावा. पत्ता कुणाला सांगायची गरज नाही. सर्व्हर सुरू करून आपण चहा टाकतो न टाकतो, तोच पाहुण्यांची रीघ लागते.

माझे छापून आलेले आणि साभार परत आलेले लेख एका जागी नांदावेत, एवढाच माझा हेतू. उबुंटू होतंच, त्यावर एंजिनएक्स चढवलं. इगोर सिसोएव्ह या रशियन गृहस्थानं हा वेबसर्व्हर २००४ मध्ये जगाला खुला केला. एका वेळी दहा हजार जण आले तरी त्यानं दमू नये, ही त्यामागची जिद्द. माझ्या वाचकांची इतकी काळजी आजवर कुणी केली नव्हती. शिवाय कॉन्फिगरेशनमध्ये एक सेमीकोलन जरी राहिला, तरी 'एंजिनएक्स -टी' ही आज्ञा फाइलचं नाव आणि ओळीचा आकडा सांगून अडवते. माझं लेखन इतक्या बारकाईनं एकाही संपादकानं वाचलेलं नाही.

मग फायरवॉल. टीसीपीचे पोर्ट, म्हणजे सर्व्हरची दारं, ६५,५३५. त्यांतले मला हवे होते तीन. ८० आणि ४४३ वाचकांसाठी, २२ माझ्यासाठी, म्हणजे एसएसएचनं दुरून सर्व्हरमध्ये शिरायला. पूर्वी हे आयपीटेबल्सच्या भाषेत सांगावं लागे. तिच्यात हायफनांची इतकी दाटी, की मधला मजकूर हुडकून काढावा लागतो. २००८ मध्ये उबुंटूसोबत यूएफडब्ल्यू आलं आणि 'यूएफडब्ल्यू अलाउ २२' एवढ्यावर भागू लागलं. चालू करताना ते विचारतं, 'सध्याचं एसएसएच कनेक्शन तुटू शकतं, पुढे जायचं?' २२ ला परवानगी न देताच इथे 'वाय' दाबून भलेभले स्वतःच्याच सर्व्हरबाहेर ताटकळले आहेत.

हा २२ सुद्धा नशीबवान. १९९५ मध्ये तातू युलेनन यांनी फिनलंडमध्ये एसएसएच लिहिलं. एफटीपीचा २१ आणि टेलनेटचा २३ यांच्या मधला आकडा रिकामा होता, तो त्यांनी ई-मेल करून मागितला आणि दुसऱ्या दिवशी मिळालाही. अर्ज केल्याच्या दुसऱ्या दिवशी काम झालं हे वाचून माझा त्या अख्ख्या हकिकतीवरचा विश्वास उडायची वेळ आली होती.

बंद दारांच्याही दोन तऱ्हा आहेत. 'रिजेक्ट' म्हणजे दार उघडून 'नाही' म्हणणं. 'ड्रॉप' म्हणजे गणपतीच्या वर्गणीची पावतीपुस्तकं जिन्यात दिसताच टीव्हीचा आवाज बंद करून श्वास रोखून बसणं. यूएफडब्ल्यू येणाऱ्यांना मुळात 'ड्रॉप'च करतं. हा स्वभाव आमच्या घरात आधीपासूनच असल्यामुळे मला तो लगेच जमला.

पण २२ उघडा होता आणि गर्दी तिथेच होती. ऑथ डॉट लॉग ही लॉगिनची नोंदवही उघडली की ओळींमागून ओळी: 'फेल्ड पासवर्ड'. कुणी रूट म्हणून येतो, कुणी अ‍ॅडमिन, कुणी टेस्ट, कुणी ओरॅकल. बंड्या म्हणून मात्र एकही आला नाही. तिकडे ८० वर कुणी वर्डप्रेसचं लॉगिन पान मागतंय, कुणी पीएचपीमायअ‍ॅडमिन. माझ्याकडे यांतलं काहीच नाही. एंजिनएक्स प्रत्येकाला न चिडता ४०४ देतं. माझा लेख मात्र कुणीच मागत नाही.

शेवटी फेलटूबॅन बसवलं. पाच वेळा पासवर्ड चुकला की तो आयपी दहा मिनिटं बाहेर. पण हे पाहुणे म्हणजे आपोआप चालणारे बॉट; ते या शिक्षेनं खचत नाहीत, दुसऱ्या पत्त्यावरून हजर होतात. सापडला तो पुतण्या. किल्ली दिली तर लॅपटॉप बदलताना हरवतो, म्हणून त्याच्यासाठी पासवर्ड चालू ठेवला होता. सहाव्या वेळी त्याचा फोन आला.

"काका, मला हाकललं हो तुमच्या सर्व्हरनं!"

"दहा मिनिटं थांब. तोवर साइट उघडते का बघ. नवा लेख टाकलाय."

"उघडते की," तो म्हणाला आणि घाईघाईनं पुढे बोलला, "नाही, नको, मी थांबतो नुसताच."

दार उघडायची आज्ञा लिनक्समध्ये आहे, बंद करायचीही आहे. पाहुण्याला बसवून ठेवायची मात्र अजून कुणी लिहिलेली नाही.