जिवंत पित्याचा पंधरवडा

शास्त्रकारांनी मृत पितरांना वर्षाकाठी पंधरा दिवस दिले आणि केंद्र सरकारने जिवंत पित्याला अपत्यामागे पंधराच दिवस दिले, हा योगायोग ज्याच्या ध्यानी आला त्याने पुढील हिशेबाचा नाद सोडून द्यावा, एवढे शहाणपण मला 2017 सालच्या भाद्रपदापूर्वी असते तर हा लेख लिहिण्याची पाळी आली नसती.

परंतु मी पडलो दूरदर्शी. नव्या वर्षाचे कॅलेंडर भिंतीवर चढते न चढते तोच शनिवार-रविवारला खेटून आलेल्या सुट्ट्या लाल पेन्सिलीने वेढून टाकणारा जो एक वर्ग सरकारी कचेऱ्यांतून आढळतो, त्याचा मी निष्ठावंत सभासद. आणि पालघरहून बोईसरला जाणाऱ्या सकाळच्या डहाणू लोकलमध्ये माझा सल्ला घेतल्याशिवाय कोणी रजेचा अर्ज टाकीत नसे, निदान टाकू नये असे माझे मत होते. साहजिकच आमच्या घरी पाळणा हलणार हे कळताच मी डोहाळजेवणाच्या आधी केंद्रीय नागरी सेवा (रजा) नियम, 1972 काढून बसलो. त्यातील 43-अ हा नियम वाचून प्रथम मला छपाईत काही चूक झाली असावी असे वाटले. दोनपेक्षा कमी हयात अपत्ये असलेल्या पुरुष कर्मचाऱ्यास पंधरा दिवस रजा, तीही प्रसूतीच्या आधी पंधरा दिवसांपासून नंतर सहा महिन्यांपर्यंत केव्हाही. पगार रजेवर जाण्यापूर्वी होता तेवढाच. रजेच्या खात्यातून वजावट नाही. आणि सर्वसाधारणपणे ती नाकारू नये अशी वर ताकीद!

मेख होती ती सुट्ट्यांत. सुट्टी रजेच्या आगेमागे आली तर ती आपली. रजेच्या पोटात आली तर ती रजेच्याच पोटात गेली. डॉक्टरांनी तारीख दिली होती 29 सप्टेंबर, शुक्रवार. शनिवारी दसरा, रविवारी मोहरम, सोमवारी गांधी जयंती. म्हणजे हे तीन दिवस रजेच्या पुढ्यात जोडून मंगळवार दि. 3 ऑक्टोबरपासून पंधरा दिवस घेतले की अठरा दिवसांचे बापपण पदरात पडते. ही योजना मी लोकलमध्ये उमरोळीपर्यंत समजावून सांगितली, तेव्हा एका सहकाऱ्याने आपल्या दोन्ही मुलांचे जन्म भर वैशाखात झाल्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला.

कन्येने मात्र हे नियम वाचले नव्हते. मंगळवार दि. 19 सप्टेंबर रोजी, सर्वपित्री अमावास्येला, बाहेर पाऊस धो धो कोसळत असताना, ती दहा दिवस आगाऊ अवतरली. सासूबाईंनी तिचे नाक पाहिले आणि निर्णय दिला, "पितरं परत निघाली, त्यातली एक पणजी मागं राहिली."

बुधवारी सकाळी मी अर्ज घेऊन कचेरीत गेलो. हेडक्लार्कनी बोटांवर तारखा मोजल्या. 20 सप्टेंबर ते 4 ऑक्टोबर, पंधरा दिवस पुरे. पैकी दोन शनिवार, दोन रविवार आणि गांधी जयंती मिळून पाच दिवस मुळातच सुट्टीचे, म्हणजे माझ्या हाती खरे दहा. मी कळवळून म्हणालो, "दसराही गेला, गांधीजीही गेले!" ते शांतपणे म्हणाले, "साहेब, सहा महिन्यांची मुदत आहे. थांबा की तीन तारखेपर्यंत."

सांगायला लाज वाटते, परंतु हा सल्ला मी दवाखान्यात नेला. बायकोने तो पुरा ऐकून घेतला आणि विचारले, "तोवर हिला परत पाठवू का?"

अर्ज त्याच दिवशी मंजूर झाला. हेडक्लार्कनी शेरा मारता मारता विचारले, "पगार तर तोच मिळणार. मग तुमचं गेलं काय?" याचे उत्तर मला तेव्हा सुचले नाही; नंतर रात्री-अपरात्री मुलीला खांद्यावर घेऊन येरझारा घालताना सुचले, आणि ते असे की, गेले ते 'सुट्टी' या शब्दातले सुख. रजा हा शब्द आपल्याकडे अरबी-फारसीच्या दफ्तरातून आला. त्याचा मूळ अर्थ संमती, खुशी. रजा ही नेहमी दुसऱ्याच्या खुशीची असते. म्हणूनच तिच्यासाठी अर्ज लागतो, कारण लागते, खाली 'आपला आज्ञाधारक' लागतो. सुट्टीचे तसे नाही. ती सुटणे या क्रियापदाची लेक. दावणीचे जनावर सुटते, शाळा सुटते, अंबाडा सुटतो, तिथे कोणी मंजुरीचा शेरा मारीत नाही. रजेच्या पोटात सुट्टी जाते तेव्हा सुटलेल्या माणसाला पुन्हा परवानगी देऊन सोडल्यासारखे होते. माझा मेहुणा बोईसरच्या एका कारखान्यात कायम कामगार होता. त्याला 1948 च्या कारखाने अधिनियमाखाली मिळणाऱ्या भरपगारी रजेत आगच्या, मागच्या आणि मधल्याही सुट्ट्या मोजीत नसत. परंतु बाप झाल्याची रजाच त्या कायद्यात नव्हती. एकाकडे ताट होते, दुसऱ्याकडे वाढप, अशी ही वाटणी आहे, असे मी मोठ्या ऐटीत बोलत असे.

बोलणे बंद झाले ते तिसऱ्या एका शब्दामुळे. दवाखान्यात शेजारच्या खाटेवरील बाईचा नवरा औद्योगिक वसाहतीत ठेकेदाराकडे रोजंदारीवर होता. रात्रपाळी उरकून तो सकाळी यायचा, हात दोनदा धुऊन मुलाला बोटाने शिवायचा आणि बाकावर बसल्या बसल्या झोपी जायचा. मी आपली गिळल्या गेलेल्या पाच दिवसांची कथा त्यालाही ऐकवली. तो सहानुभूतीने म्हणाला, "आमचा दसऱ्याचा पण खाडा धरतात." मी विचारले, "आणि मुलगा झाला त्या दिवसाचा?" तो म्हणाला, "त्याचा धरला ना."

ज्या दिवसाला मी सुट्टी म्हणून कवटाळीत होतो, तो या माणसाच्या हिशेबी कापलेला रोज होता, आणि मी त्याच्यापुढे दसरा गेला म्हणून रडत होतो! त्याच वर्षी हिंगोलीचे खासदार राजीव सातव यांनी असंघटित कामगारांसह सर्वच बापांना भरपगारी रजा मिळावी म्हणून लोकसभेत खासगी विधेयक मांडले होते. त्याचा कायदा झाला नाही. 1970 नंतर एकाही खासगी विधेयकाचा झालेला नाही. सातव 2021 साली करोनानंतरच्या गुंतागुंतीने गेले. पितरांना पंधरा दिवस देताना शास्त्रकारांनी कायम आणि कंत्राटी असा भेद केला नव्हता, एवढे मात्र त्या ठेकेदाराला कोणीतरी सांगायला हवे.

5 ऑक्टोबरला मी कामावर रुजू झालो. त्या रात्री कोजागिरी होती. कोण जागे आहे हे पाहायला लक्ष्मी आमच्या घरावरून गेली असेल, तर तिला तिघेही जागे सापडले असतील. सप्टेंबर आणि ऑक्टोबर या दोन्ही महिन्यांच्या माझ्या पगारपत्रकांत एक रुपयाही कमी नव्हता.