श्रीमान अतितात्काळ लिंक यांस खुले पत्र

प्रति,
श्रीमान अतितात्काळ लिंक,
मु. पो. व्हॉट्सॲप ग्रुप
(केंद्र, तालुका व जिल्हा अशा तिन्ही ठिकाणी वास्तव्य)

विषय : किल्लारी परिसरातील एका वर्गात आपण घडवून आणलेल्या भूकंपाबाबत.

महोदय,

आपलं आगमन कधी गुपचूप होत नाही. आधी लाल दिव्यांची रांग, मग 'अतितात्काळ', त्याखाली 'सदर बाब गांभीर्याने घ्यावी' आणि सगळ्यात शेवटी निळ्या अक्षरांत, खाली रेघ ओढलेले, आपण स्वतः. आपल्या पाठोपाठ आपली धाकटी बहीण येते : 'अद्याप माहिती न भरलेल्या शाळांची यादी'. आपल्या आणि तिच्या येण्यात अंतर इतकं कमी, की तेवढ्यात पहिलीच्या पोराची हरवलेली चप्पलसुद्धा सापडत नाही.

आपलं मूळ गाव कोणतं, हे शोधायचा प्रयत्न केला. केंद्रप्रमुखांना विचारलं तर म्हणाले, "वरून आलंय, मॅडम." वर विचारलं तर तेही मान वर करून म्हणाले, "वरूनच आलंय." त्या बिचाऱ्यांचा तरी काय दोष? त्यांच्या मोबाइलवर आपण माझ्याआधी पोचलेले असता. तेव्हा मधल्या कुणाचं नाव न घेता थेट आपल्यालाच लिहिते आहे.

एक गैरसमज आधीच दूर करते. मी तंत्रज्ञानावर रुसलेली बाई नाही. वर्गात नवं काही चालतं का, हे बघायची मला खोडच आहे. तिसरीतली एक पोरगी मोठ्यानं वाचायला लाजायची. तिला मोबाइलवर स्वतःचं वाचन रेकॉर्ड करायला दिलं, तर ती तेच पान आपणहून पुन्हा पुन्हा वाचायला लागली, कारण तिला आपलाच आवाज ऐकायचा होता. अडखळलेला शब्द तिचा तिला कळला. यासाठी शाळेला काही खरेदी करावी लागली नाही, आणि कुठल्या नोंदवहीत याला रकानाही नाही. आता मूळ तक्रारीकडे येते.

सप्टेंबर महिना होता. आमच्याकडे सप्टेंबरात भूकंपाचा विषय काढावा लागत नाही, तो घरोघरी निघालेलाच असतो. 30 सप्टेंबर 1993, पहाटेचे 3 वाजून 56 मिनिटं. अनंत चतुर्दशीची रात्र, गणपती बोळवून माणसं नुकती झोपलेली. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांतली गावंच्या गावं त्या पहाटे बसली. माझ्या वर्गातल्या पोरांचे आईबाप तेव्हा लहान होते किंवा जन्मलेही नव्हते, पण आज्यांच्या तोंडून पोरांना सगळं पाठ आहे. 2022 च्या सप्टेंबरात निलंगा तालुक्यातल्या हासोरीत जमिनीतून आवाज येऊ लागले, तेव्हा इथली घरं पुन्हा कान देऊन बसली होती. आमच्या पोरांना भूकंप ऐकून ठाऊक आहे. तो त्यांना मोजायला शिकवावा, एवढीच माझी इच्छा होती.

आपण ज्या मोबाइलमधून अवतरता, त्यात एक चिमुकला संवेदक असतो. मोबाइल आडवा केला की चित्र आडवं होतं, ते त्याच्यामुळे. जर्मनीतल्या आखेन इथल्या तंत्रविद्यापीठानं 2016 मध्ये 'फायफॉक्स' नावाचं ॲप काढलं. ते फुकट मिळतं आणि या संवेदकाला जाणवलेली हालचाल आलेखावर काढून दाखवतं. प्रयोगशाळेचं दर्शन न घडलेल्या शाळेला याहून स्वस्त भूकंपमापक कुठं मिळणार?

बेंचवर गोट्या पसरल्या, गोट्यांवर ट्रे, ट्रेवर मोबाइल आणि पोरांनी केलेली दोन घरं. पहिलं घर जुन्या किल्लारीतलं. दगडाची दोन पदरी भिंत, दोन्ही पदरांच्या मध्ये खडे आणि माती, वर मातीच्या जाड थराचं माळवद. दुसरं काड्यांचं, पण चारही भिंती सुतळीच्या पट्ट्यानं एकत्र आवळलेलं. ट्रेला झटका दिला. मोबाइलवर रेघ उसळली आणि जुन्या घराच्या भिंतीचा बाहेरचा पदर बाहेर, आतला आत, असे दोन्ही सुटले. मग माळवद सगळं वजन घेऊन खाली बसलं. काड्यांचं घर वाकडं झालं, पण उभं राहिलं.

मागच्या बेंचवरचं एक पोरगं हळूच म्हणालं, "मॅडम, मग आमच्या पणज्याला भूकंपानं नाही, माळवदानं मारलं की."

महोदय, शिक्षकाच्या नोकरीत असं वाक्य क्वचित कानावर पडतं. ज्या गोष्टीसाठी जाडजूड अहवाल लिहिले गेले, ती त्या पोरानं ट्रेकडे बघून काढली होती. आता पुढचं सांगायचं होतं. भिंतीच्या दोन पदरांना शिवणारे आरपार दगड का घालतात, दारा-खिडक्यांच्या वरून काँक्रीटचा सलग पट्टा का फिरवतात, भूकंपानंतर ज्या जुन्या घरांची मजबुती केली त्यांत नेमकं हेच का केलं. मी तोंड उघडलं. सगळ्यांचे हात ट्रेपासून लांब होते, आणि आलेखावरची रेघ एकदम थडथडली.

"मॅडम, आपोआप हालायलंय ओ!"

दोन पोरं दाराकडे पळाली. हसू नका. इथल्या पोरांना पळायचं कसं हे शिकवावं लागत नाही. बाकीची माझ्या तोंडाकडे बघत राहिली. तो भूकंप म्हणजे आपण होता. पडद्यावर आपला मजकूर उमटला : 'शाळेत अध्यापनात होणाऱ्या तंत्रज्ञान वापराबाबतची माहिती आज दु. 12 वाजेपर्यंत भरावी. सोबत फोटो जोडावा.'

तंत्रज्ञानाचा वापर चालू होता, तो थांबवून तंत्रज्ञानाचा वापर होतो का, हे आपण विचारलंत. आपली विनोदबुद्धी मानली पाहिजे.

आलेख ज्या मोबाइलवर होता, त्याच मोबाइलवर माहिती भरायची होती. म्हणून आलेख बंद. फोटोत शिक्षक, विद्यार्थी आणि साधन तिन्ही दिसायला हवेत, ही आपली अट. आमचं साधन म्हणजे तोच मोबाइल, ज्यानं फोटो काढायचा. आता मोबाइलनं स्वतःचा फोटो कसा काढावा, याचं प्रशिक्षण अजून झालेलं नाही. झालं तर तेही आपल्यावरच होईल, आणि व्हिडिओ पुढे ढकलत ढकलत जिल्ह्यातले सगळेच प्रमाणपत्र मिळवतील. शेवटी कपाटावरचा बंद प्रोजेक्टर खाली काढला, धूळ झटकली, पोरांना त्याच्याभोवती उभं केलं आणि शेजारच्या वर्गातल्या सरांच्या मोबाइलवर फोटो घेतला. आपण प्रसन्न झालात. 'आपला प्रतिसाद नोंदवला गेला आहे.' त्या पोराचं वाक्य मात्र कुठंच नोंदवलं गेलं नाही.

प्रोजेक्टर बंद का, हेही सांगते, कारण आपण ते कधी विचारलं नाहीत. 'समग्र शिक्षा' योजनेतून 31 ते 100 पटाच्या शाळेला वर्षाला 25 हजार रुपये अनुदान ठरलेलं आहे. त्यात स्वच्छता आली, दुरुस्ती आली, खडू-कागद आले आणि विजेचं बिलही आलं. प्रोजेक्टरच्या दिव्यापर्यंत हात पोचेस्तोवर वर्ष सरतं. आपल्या रकान्यात 'प्रोजेक्टर आहे का? होय / नाही' एवढंच असतं. आम्ही 'होय' लिहितो. खोटं कुठं आहे?

एक माहिती आपल्या ज्ञानात भर म्हणून देते. अँड्रॉइड मोबाइलवर भूकंपाची सूचना देणारी यंत्रणा भारतात 2023 मध्ये सुरू झाली. तीही याच संवेदकावर चालते. एका भागातले पुष्कळ मोबाइल एकदम हलले की तिला शंका येते. आपण तर आख्ख्या जिल्ह्यातल्या गुरुजनांचे मोबाइल एका क्षणी थरथरवता. तरी त्या यंत्रणेचा अजून गैरसमज झालेला नाही, म्हणजे ती आपल्यापेक्षा शहाणी असली पाहिजे.

वरून आलेल्या वस्तूचं आम्हाला नवल नाही. भूकंपानंतर 52 गावांचं नव्या जागी पुनर्वसन झालं. जमिनीच्या धारणेप्रमाणे 250, 450 किंवा 750 चौरस फुटांची घरं मिळाली. घरं पक्की होती, रस्ते रुंद होते, देणाऱ्यांचा हेतूही चांगला होता. पण बैल कुठं बांधायचे, कडबा कुठं रचायचा, हे नकाशात नव्हतं. लोकांनी हळूहळू पुढे पत्र्याचं शेड टाकलं, मागे भिंत घातली, आणि तेव्हा कुठं ते घर त्यांचं झालं. वर्गातल्या नव्या साधनाचंही असंच असतं. ते खोक्यातून निघतं तेव्हा कारखान्याचं असतं. शिक्षक ते उलटंपालटं करतो, चार वेळा फसतो, पोरांच्या हाती देतो, आणि मग ते त्या वर्गाचं होतं. या चाचपडण्याला वेळ लागतो, आणि त्या वेळाचा हिशोब मागून चालत नाही. आपण नेमका तोच वेळ उचलून नेता.

परितेवाडीचं नाव आपण भाषणांतून ऐकलं असेलच. सोलापूर जिल्ह्यातल्या त्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकांना क्यूआर कोड चिकटवले. पुढे बालभारतीच्या पुस्तकांत कोड छापून येऊ लागले आणि 2020 मध्ये गुरुजींना 10 लाख डॉलरचा 'ग्लोबल टीचर प्राइझ' पुरस्कार मिळाला. त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांना वाटून दिली. ही कल्पना कुण्या 'दु. 12 वाजेपर्यंत'मधून निघाली नव्हती. एका शिक्षकाला आपल्या वर्गासाठी काही करून बघावंसं वाटलं, त्यातून ती निघाली.

कायद्याचंही बोलू. शिक्षण हक्क कायदा 2009, कलम 27 : जनगणना, निवडणूक आणि आपत्ती निवारण सोडून शिक्षकाला अशैक्षणिक काम देता येत नाही. आपण जनगणना नाही, निवडणूकही नाही. उरली आपत्ती. त्या सदरात आपला समावेश करायला किल्लारीकरांची हरकत नाही. अनुभवी माणसं आहेत. राज्य शासनानं 2024 मध्ये शैक्षणिक कामं कोणती आणि अशैक्षणिक कोणती, याचं वर्गीकरणही केलं. त्याची अंमलबजावणी किती शाळांत झाली, हे आता आपणच येऊन विचाराल अशी मला धास्ती आहे.

माहिती मागूच नका, असं माझं म्हणणं नाही. पटावर किती, हजर किती, जेवली किती, हे सरकारला कळलंच पाहिजे. पण यू-डायस या सरकारी पोर्टलवर एकेका मुलाची नोंद आम्ही केलेली असते. तीच माहिती रकान्यांची जागा बदलून पुन्हा मागण्यात कसलं तंत्रज्ञान आहे? पूर्वी कारकून कागद हरवायचा आणि पुन्हा मागायचा. त्याला निदान शरम वाटायची.

तेव्हा विनंत्या चारच आहेत. सरकारकडे आधीच असलेली माहिती सरकारकडेच मागावी. शाळा भरल्यापासून सुटेपर्यंत आपण विश्रांती घ्यावी. साधन 'आहे का' असं न विचारता 'चालतं का आणि चालत नसेल तर काय लागेल' असं विचारावं, आणि जे लागेल ते पाठवावं.

चौथी विनंती जरा उद्धट वाटेल. आजवर आम्ही आपल्यावर जी माहिती भरली, ती वाचून कुठल्या शाळेत काय बदललं, ते एकदा आम्हाला कळवावं. मुदत आज दुपारी 12 पर्यंत. निरंक असल्यास तसे कळवावे.

आपली विश्वासू,
एक सहशिक्षिका,
जिल्हा परिषद प्राथमिक शाळा,
किल्लारी परिसर, ता. औसा, जि. लातूर

प्रत माहितीस्तव : 'वर'.